सात खाचरांपलीकडचं नाव

माझ्या वर्गात एकोणीस मुलं होती आणि हजेरीला अकरा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजलं होतं. शहापूरच्या आधीच्या शाळेत पन्नास मुलांची हजेरी मी चार मिनिटांत उरकायचे, आणि इथे वैशाखऱ्याच्या पुढच्या या वाडीत बदली होऊन आले तर विक्रमादित्य, मार्तंडभैरव, रत्नाकरनाथ! माझा स्वभाव तुसडा आहे, हे मी आधीच सांगून टाकते. मला कशालाच उशीर झालेला खपत नाही. तिसऱ्या दिवशी मी सरळ नावं कापायला घेतली. विक्रमादित्यचा विकी केला, मार्तंडभैरवचा मारू केला आणि हजेरी पाच मिनिटांवर आणली.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक बाई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. बुटकी, काटकुळी, गुडघ्यापर्यंत लुगडं, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली.

"तुमीच का नव्या बाई?"

"हो. काय काम होतं?"

"काम काय नाय. मी पोराला नऊवारी लुगडं नेसवलं, तुमी त्याचा रुमाल का केला, तेवढंच इचारायला आले."

मला काही कळेना. तिने अंगणात खेळणाऱ्या विक्रमादित्यकडे बोट दाखवलं तेव्हा उलगडा झाला. मी म्हटलं, "अहो, वेळ जातो." त्यावर ती आत आली, खाली बसली आणि म्हणाली, "जाऊ दे की. दिवसातून एकदाच त्या पोराला कोणतरी पुरं बोलावतंय. तेवढा टाइम नाय तुमच्याकडं?" मला राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून हजेरी पुन्हा अकरा मिनिटांवर गेली ती माझी बदली होईपर्यंत तशीच राहिली.

ही पारूआत्या. नाव पार्वती, पण वाडीत तिला पार्वती म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मी एकदा तिला खिजवलं, "सगळ्यांना लांब नावं देता, आणि तुमचं एवढं का आखूड?" तर म्हणाली, "माझ्या येळेला बांधावर कोणी गेलंच नाय." बांधाचं हे प्रकरण मला नंतर समजलं.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ज्या घरात बाळाला सख्खी आत्या नाही किंवा ती लांब दिली आहे, ते घर पारूआत्याला बोलावायचं. पुढे पुढे सख्ख्या आत्यासुद्धा म्हणायला लागल्या की कानात आम्ही सांगू, पण नाव पारूआत्याच काढू दे. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी भावाकडे परत आलेली. मूलबाळ नव्हतं. भावाच्या घरात राबायची, रानातून हिरडा गोळा करायची, भातलावणीला कोणाच्याही शेतात सर्वांत पुढे असायची. पण ओळख म्हणून विचाराल, तर नावं काढणारी पारूआत्या.

नावं ती लग्नपत्रिकांतून मिळवायची. आमच्या भागातल्या पत्रिकेत नवरा-नवरी एका कोपऱ्यात असतात आणि बाकी कागदभर नावंच असतात. निमंत्रक, आपले विनीत, किलबिल, झाडून सगळा गोतावळा. आत्या चौथी शिकलेली होती, पत्रिका चष्म्याला लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. जेवण कसं होतं हे विचाराल तर तिला आठवायचं नाही. आवडलेलं नाव दिसलं की ते तीनदा तोंडातल्या तोंडात घोळवायची, भात शिजला का बघायला शीत दाबतात तसं. मग पत्रिका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची. पसंत नाही पडलं तर म्हणायची, "याला शेपूट नाय."

लांब नावाचा तिला एवढा सोस का, तर त्यालाही कारण होतं. वाडीतली घरं उताराच्या एका अंगाला. खाली भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत ओढ्यापर्यंत जातात आणि पलीकडे पुन्हा चढतात. अशी एकंदर सात खाचरं. सातव्याच्या बांधावर ऐनाचं झाड. इथल्या माणसांचं अर्धं आयुष्य या अंगावरून त्या अंगाला हाका मारण्यात जातं. आता मोबाइल आलेत, पण रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर येते, तेव्हा हाका चालूच आहेत. आत्या म्हणायची, "आखूड नाव मारलं तर माणूस मान वळवतोय तोवर ते संपलंबी. त्याला वाटतं, वारा होता. लांब नाव कसं, अर्धं ऐकून मान वळवली तरी अर्धं शिल्लक ऱ्हातंय."

म्हणून ठरवलेलं प्रत्येक नाव ती बारशाच्या आदल्या दिवशी तपासायची. सातव्या बांधावर ऐनाखाली उभं राहून बाळाच्या घराकडे तोंड करून ते नाव मारायचं. घराच्या ओटीवर एकाने कान देऊन उभं राहायचं. नाव पुरतं पोचलं तर पास. मूल बोलायला लागेपर्यंत त्याच्या नावाला त्याच्या आईने 'ओ' द्यायची, असाही वाडीतला रिवाज होता. बाळ पाळण्यात आणि आई चुलीपाशी असली तरी हाक आली की आई आतून 'ओऽऽ' म्हणायची.

आता बांधावरून मारलेलं नाव सगळ्या वाडीला ऐकू जाणारच. पण दुसऱ्या दिवशी बारशाला आत्या कानात सांगेपर्यंत कोणी ते ऐकलेलं नसतं. म्हणजे ऐकलेलं असतं, पण नसतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्याच वर्षी आदल्या संध्याकाळी मी हाक ऐकली आणि सकाळी बाळाच्या बापाच्या, गोटीरामच्या, दारात जाऊन मोठ्या हौसेने म्हटलं, "वा! ज्ञानसागर! छान नाव काढलंत!" गोटीरामची आई जागच्या जागी थिजली. अंगणातल्या बायका तोंडाला पदर लावून आत गेल्या. कानात पडायच्या आधी नाव कोणी उचललं तर ते बाळाचं राहत नाही, अशी समजूत. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पारूआत्या आली, म्हणाली, "येऊ द्या बाईंना पाळण्याजवळ. माझ्या जोडीला त्यांचीबी पाठ."

बारशाला आत्या कानात नाव सांगत असताना बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्या दिवशी मी तिच्या शेजारी वाकून बसले आणि भातझोडणी केलेल्या हातांचे धपाटे खाल्ले. चार दिवस मला खुर्चीला टेकता येत नव्हतं. पण त्या दिवसापासून वाडी मला आपली समजायला लागली, आणि आत्याने मला कायमचं काम दिलं. "तुमचे कान भायेरचे हायेत. आमच्या माणसांना आधी म्हाईत असतंय, ते न ऐकता बोलतात ऐकलं. तुमी खोटं नाय बोलणार." अशी मी ओटीवर उभी राहणारी झाले, आणि अकरा वर्षं तेच केलं.

ती कोणाची भीड ठेवायची नाही. वाडीतला एक जण मुरबाडला कंपनीत सुपरवायझर झालेला, त्याने मुलासाठी हृषीकेशवर्धन हे नाव स्वतः काढून आणलं. आत्याने तीनदा मारलं. तीनही वेळा मला सुरुवात ऐकू आली, पुढचं नाही. ती बांध उतरून आली आणि त्याला म्हणाली, "ओढ्यात पडतंय रे." तो चिडला, म्हणाला मारून तरी काय करायचंय, पोरगा इंजिनियर होणार आहे. ती म्हणाली, "इंजिनियर झाला तरी जेवायला बोलावशीलच ना?" शेवटी त्याने नाव बदललं.

याच आत्याने एक नाव राखून ठेवलंय, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. ते काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. बायका तिला छेडायच्या, "आत्या, माझ्या पोराला द्या ना गो ते!" ती हसायची, डब्याचं झाकण लावायची आणि दुसरं काढून द्यायची.

मला तिने सांगितलं ते एका दुपारी, ओटीवर वाल सोलताना. नाव नाही, फक्त गोष्ट. तिला शेणव्याला दिली होती. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. वाडीभरच्या पोरांना नावं देणारी ही बाई त्याला 'शेणव्याचे' म्हणायची. दोघं मजुरीला तानशाच्या बाजूला जायची. सकाळी तलावाच्या कडेने चालताना पाण्यावर सूर्य यायचा. "तिथं त्येंनी ते नाव काढलं. बोल्ले, पारू, पोरगा झाला ना, तर त्याचं नाव असं ठेवू, की हाक मारता मारता तुझा दम गेला पायजे. आनि खो खो हसले." तिसऱ्या वर्षी नवरा तापाने गेला. पोरगा झालाच नव्हता. "येताना त्या घरातनं मी काय आणलं नाय, बाई. तेवढं आणलं."

"मग बांधावरून मारून पाहिलं का कधी?" मी विचारलं.

वालाची शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "नाय."

"का?"

"पडलं तर?" ती म्हणाली. "ओढ्यात पडलं तर मग माझ्याकडं काय ऱ्हायलं?"

एवढी धिटाईची बाई, आणि या एका गोष्टीला ती घाबरत होती. मला तिच्याबद्दल त्या दिवशी फार माया वाटली. मी वाल सोलत राहिले.

आणि मग सचिनला मुलगा झाला.

सचिन म्हणजे तिच्या भावाचा एकुलता एक मुलगा, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. लग्नाला आठ वर्षं झालेली. शहापूरच्या दवाखान्यातून त्याचा फोन आला, तो देवळाच्या कट्ट्यावरच्या पोरांनी घेतला, आणि ती पोरं ओरडत खाली आली तेव्हा माझा वर्ग आपोआप सुटला. आत्या खळ्यावर होती. तिने सूप टाकलं आणि तिथल्या तिथे फेर धरला. साठीच्या पुढची बाई, एकटीच, हातात हात धरायला कोणी नाही तरी. सचिनला बहीण नव्हती. बाळाच्या आत्याचा मान हिचाच. आता राखलेलं नाव निघणार म्हणून वाडीला नुसता चेव आला. ते केवढं लांब असेल यावर पोरांनी पैजा लावल्या. मीसुद्धा मनातल्या मनात तर्क करत होते, हे कबूल करायला हवं.

सव्वा महिन्याने प्रणाली, सचिनची बायको, माहेराहून बाळाला घेऊन आली. बारसं धरलं होतं. तिच्या मागोमाग सचिन आला तो मोटारसायकलवर मागे थर्मोकोलचा बोर्ड बांधून. निळे फुगे, चांदीची झिरमिळी, आतून लायटिंग आणि मधोमध दोन अक्षरं. रिव.

पैजा लावलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आत्याने चष्मा सारखा करून बोर्ड वाचला.

प्रणाली बी.कॉम. झालेली, तोंडावर बोलणारी मुलगी. तिने आत्याला समोर बसवलं. मी तिथेच होते. "आत्या, राग नका मानू. मी शहापूरला कॉलेजात होते ना, तवा या वाडीचा एक जण वर्गात होता. सरांनी नाव घेतलं की अख्खा वर्ग हसायचा. आठ वर्षांनी पोरगा झालाय मला. त्याला हसलेलं मला नाय चालणार."

"कोण गो तो?"

"दिगंबरराज."

आत्याचा चेहरा उतरला. ते नाव तिनेच काढलेलं. तिने विचारलं, "मग तो काय करायचा? हसले की?"

"काय नाय. उभा ऱ्हाऊन परत सांगायचा, पुरं."

"हळू?"

"नाय. मोठ्यानं." प्रणाली हे बोलली आणि स्वतःच थोडी थांबली.

आत्या उठली. "पोर तुमचं हाय. तुमी सांगाल तेच कानात सांगीन. पण उद्या सकाळी बांधावर जाईन. तपासल्याबिगर मी एक नाव कोणाच्या कानात घातलं नाय."

सकाळी मी ओटीवर माझ्या जागेवर उभी राहिले. शेजारी प्रणाली, दुपट्यातलं बाळ छातीशी. खाचरांत वाल टरारला होता, बायका शेंगा तोडत होत्या. आत्या ऐनाखाली पोचली. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरलेले दिसले. ऐकू काहीच आलं नाही. पुन्हा हात वर गेले. पुन्हा काही नाही. मी दोन्ही हातांनी 'नाही' अशी खूण केली.

तेव्हा आत्या एक खाचर उतरून पुढे आली आणि तिथून ओरडली. मग आणखी एक उतरली. मी डोळे फाडून बघत राहिले. अकरा वर्षांत या बाईने कोणासाठी एक पाऊल पुढे टाकलं नव्हतं.

"त्या पुढं का येतायत?" प्रणालीने विचारलं.

"तुझं नाव पास करायला," मी म्हटलं.

ओढा ओलांडून आत्या आमच्या अंगाच्या तिसऱ्या खाचरापर्यंत आली. तोवर तिचा घसा बसला होता. तिथून 'रिव' ऐकू आलं. तिने हसून हात हलवला, झालं पास, असा.

प्रणाली हसली नाही. "बाई, त्यांचं ते राखलेलं नाव... ते मारलं का त्यांनी कधी?"

"नाही."

"का?"

मी सांगून टाकलं. तानशाचं, शेणव्याच्यांचं, 'पडलं तर'चं, सगळं. कोणाचं गुपित फोडायची मला सवय नाही, पण त्या वेळी राहवलं नाही. प्रणालीने बाळाला खांद्यावर घेतलं, ओटीच्या कडेला गेली आणि ओरडली, "आत्याऽऽ! मागं जा! झाडापाशी जा! तुमचं माराऽऽ!"

"अगो, बोर्ड झालाय!" सचिन आतून धावत आला.

"लायटिंग ठेव. अक्षरं काढ," प्रणाली म्हणाली.

आत्या तिसऱ्या खाचरात नुसती उभी होती. आपण ऐकलं ते खरं का, असं तिने आजूबाजूच्या बायकांकडे बघितलं. त्या बायका रिवाजाप्रमाणे काही ऐकलं नाही असं दाखवत होत्या, पण एकीचाही हात शेंगेवर नव्हता. मग आत्या वळली. ओढा ओलांडला. एकेक बांध चढत गेली. इतकी हळू चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ऐनाखाली पोचल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. घसा आधीच बसलेला, आणि मारायचं ते नाव, जे आयुष्यभर जपलं. मी इतक्या ताकदीने कान दिला की माझ्या जबड्यात कळ आली.

"प्रभातनारायणाऽऽऽ!"

आलं. पुरतं आलं. 'भा' ओढ्यावरून आला, 'ना' आणि 'रा' एकामागून एक खाचरं चढत आले आणि शेवटचा 'णा' आमच्या डोक्यावरून जाऊन मागच्या डोंगराला लागला. एक अक्षर कुठे पडलं नाही. मी हात वर करायला हवा होता, ते माझं काम होतं, पण माझा हात वर गेलाच नाही. मी ढसाढसा रडत होते.

माझ्या शेजारून आवाज आला. प्रणालीने बाळाला घट्ट धरलं होतं, मान वर केली होती आणि बाळाच्या वतीने ती, जीव खाऊन, 'ओऽऽऽ' देत होती.

पलीकडे आत्या बांधावर खाली बसली.

दुसऱ्या दिवशी बारशाला जी धमाल उडाली तिला तोड नाही. बाळाला पाळण्याच्या वरून खालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' केलं. आत्या कानाशी वाकली. नाव एवढं लांब, आणि तिने ते इतकं सावकाश सांगितलं, की बायकांना एरवीच्या तिप्पट धपाटे घालता आले. तरी ती उठेना. आणि नाव जाहीर झाल्यावर आदल्या दिवशी ते शब्दन् शब्द ऐकलेल्या सगळ्या वाडीने तोंडात बोटं घातली, "काय गो नाव काढलंस आत्या! कुठनं सुचलं?" घुगऱ्या वाटल्या. अक्षरं काढलेल्या बोर्डाचं लायटिंग दिवसभर लुकलुकत होतं.

मे महिन्यात माझी बदली झाली. वाडीने निरोपाला नारळ दिला, आत्याने वालाची पुरचुंडी दिली आणि म्हणाली, "तिथल्या पोरांची नावं कापू नका." मी एसटीत बसले. रस्ता वाडीला वळसा घालून जातो, आणि त्या वळणावरून समोर ऐनाचं झाड दिसतं.

आत्या तिथे उभी होती. सहा महिन्यांचं बाळ तिच्या कडेवर होतं, तिच्या चष्म्याचा दोरा ओढत होतं. आणि ती हाक मारत होती. "प्रभातनारायणाऽऽऽ!" ज्याला मारायची तो कडेवरच होता. ती समोरच्या डोंगराला मारत होती, पुन्हा पुन्हा, थांबतच नव्हती. घराच्या ओटीवरून 'ओ' आली, ती प्रणालीची. मग खालच्या खाचरात पेरणीआधी राब भाजणाऱ्या बायकांनी 'ओ' दिली. मग विहिरीवरून आली. मी खिडकीतून अर्धी बाहेर झाले आणि जेवढा आवाज होता तेवढा लावून ओरडले, "ओऽऽऽ!"

कंडक्टर दचकून मागे आला. "बाई, पडाल! कोण बोलावतंय तुमाला?"

"मला नाही हो," मी म्हटलं. "प्रभातनारायणला."